सेवाग्रामचं ताट आणि आपला वजनकाटा

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांमधून आलेला एक प्रश्न आणि त्यावरचं उत्तरही दिलं आहे.)



विषय आहे खाण्याच्या सवयी आणि वजन. हा विषय जाहीर झाला की लोक वही-पेन घेऊन येतात. सकाळी काय खायचं, रात्री भात चालतो का, किती दिवसांत किती किलो. म्हणून आधीच सांगून टाकतो, आज आम्ही डाएट देणार नाही. आम्ही डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. आम्ही वर्ध्यातले आठ-दहा जण आहोत, महिन्यातून एकदा भेटून एखादं पुस्तक वाचणारे. शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, दोघी गृहिणी, एक औषध दुकानदार, काही विद्यार्थी. गेलं वर्षभर आम्ही आहारावरची पुस्तकं वाचली. त्या पुस्तकांबद्दल बोलायचं आहे. म्हणजे ही समीक्षा आहे. एखाद्या कादंबरीला आपण विचारतो ना, की बाई, तू काय सांगतेस, काय लपवतेस, कोणाला विसरतेस? तेच प्रश्न आम्ही या पुस्तकांना विचारले.

पण असं का केलं, ते आधी सांगायला हवं. आमच्या गटात एक मुलगी येत होती. कॉलेजची विद्यार्थिनी, हॉस्टेलवर राहणारी. तिच्या परवानगीनेच हे सांगतो आहोत, आणि तिने सांगितलं तेवढंच. पहिल्या दोन-तीन बैठकांत ती चहाबरोबर आमच्यासारखीच आलुबोंडा खायची. मग तिने तो सोडला. मग चहा सोडला. आम्ही म्हणालो, "वा, छान बारीक झालीस गं." ज्या दिवशी आम्ही गांधीजींच्या अस्वाद व्रतावर बोललो, त्या दिवशी आमच्यातल्याच एका वडीलधाऱ्यांनी तिच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "हिच्याकडून शिका, जिभेवर ताबा कसा असतो." आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर काही महिन्यांनी ती हॉस्टेलमध्ये चक्कर येऊन पडली. पाळी बंद झाली होती. केस गळत होते. डॉक्टरांनी उपचार सुरू केले तेव्हा तिच्या आईने आम्हाला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही एवढे वाचणारे लोक, तुम्हाला दिसलं नाही का बाप्पा?"

दिसलं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

तेव्हा आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसलो. या पुस्तकांत असं काय आहे, की ज्यामुळे आजार आणि संयम यांतला फरक आम्हाला कळला नाही? आजचं बोलणं त्या दुसऱ्या वाचनातून आलेलं आहे.

पहिलं पुस्तक

वर्ध्यात बसून आहारावर बोलायचं तर सुरुवात कुठून करायची हे ठरलेलंच आहे. 1934 च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं काम मगनवाडीतून, जे. सी. कुमारप्पांच्या हातून चाललं. हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, गूळ, पालेभाजी या गोष्टी तिथे रोजच्या चर्चेत होत्या. 1935 साली तर मगनवाडीत सोयाबीन खाण्याचा प्रयोग झाला आणि 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं गेलं. जरा विचार करा. आज आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात कुठल्याही रस्त्याने जा, देवळी घ्या, सेलू घ्या, समुद्रपूर घ्या, दोन्ही बाजूंना सोयाबीन. जे पीक तेव्हा ताटात आणायची धडपड होती, ते आज धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत आहे आणि ताटात नाही. ते मार्केट यार्डात जातं, तेलाच्या कारखान्यात जातं. आणि ज्या ज्वारीची भाकर आपल्या आजीच्या घरी रोज व्हायची, ती त्याच शेतातून मागे हटली.

30 एप्रिल 1936 ला गांधीजी शेगावला राहायला गेले. तेच पुढे सेवाग्राम झालं. पण आहारावरचं त्यांचं शेवटचं आणि नीट बांधलेलं पुस्तक सेवाग्रामात लिहिलेलं नाही. ते 1942 च्या ऑगस्टअखेर ते डिसेंबर या काळात, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना लिहिलं. मूळ गुजराती 'आरोग्यनी चावी'. आपण त्याला 'आरोग्याची किल्ली' म्हणतो. त्याचं इंग्रजी भाषांतर केलं डॉ. सुशीला नय्यर यांनी, ज्यांनी 1969 मध्ये सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. ऑगस्टच्या मध्याला महादेवभाई देसाई त्याच कैदेत गेले आणि महिना संपायच्या आत गांधीजी हवा, पाणी, अन्न यांवर लिहायला बसले. हे डोक्यात ठेवून वाचलं की त्या कोरड्या वाक्यांचं वजन बदलतं.

पुस्तक छोटं आहे. त्यात बैठं काम करणाऱ्या माणसासाठी दिवसाच्या आहाराची एक यादी आहे. गाईचं दूध दोन पौंड, म्हणजे सुमारे 900 ग्रॅम. सगळी धान्यं मिळून सहा औंस, म्हणजे 170 ग्रॅम. पालेभाजी तीन औंस, इतर भाज्या पाच, कच्ची भाजी एक औंस. तूप दीड औंस. गूळ किंवा साखर दीड औंस. फळं आवडीप्रमाणे आणि खिशाप्रमाणे.

आमच्यातल्या औषध दुकानदार भाऊंनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. ढोबळमानाने अठराशेच्या आसपास कॅलरी होतात. म्हणजे गांधीजी उपाशी राहायला सांगत नाहीत, हा पहिला धक्का. त्यात तूप आहे, गूळ आहे, लिटरच्या आसपास दूध आहे. आपल्या डोक्यातला गांधी म्हणजे कडुनिंबाची चटणी आणि उपास. पुस्तकातला गांधी भरपेट आहे.

दुसरा धक्का म्हणजे यादीत डाळ नाही. वरणाशिवाय ताट म्हणजे आपल्याकडे काय म्हणतात ठाऊक आहे! पण ते कारण देतात. कष्टाचं काम करणाऱ्याला आणि दूध न परवडणाऱ्याला डाळ लागतेच, असं ते साफ सांगतात. कारकून, व्यापारी, वकील, डॉक्टर, शिक्षक अशा बसून काम करणाऱ्या, दूध घेऊ शकणाऱ्या लोकांना तिची गरज नाही, असं त्यांचं मत. आज प्रथिनांबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यावरून या मताशी आमचं जुळत नाही. पण पद्धत बघा. एकच यादी सगळ्यांना लावलेली नाही. तू काय काम करतोस, तुझ्या खिशात काय आहे, हे आधी विचारलं आहे. हा या पुस्तकाचा सगळ्यात मोठा गुण. आजच्या बहुतेक डाएट पुस्तकांत तो सापडत नाही.

आणि दुसरा गुण म्हणजे कबुली. दूध सोडण्याचं व्रत त्यांनी घेतलं होतं. पुढे आमांशाने हाडांचा सापळा झाला तरी औषध नको, दूध नको, असा हट्ट केला. शरीर काही भरून येईना. शेवटी शेळीचं दूध घेतलं. तो मार्ग सुचवला कस्तुरबांनी, हे आत्मकथेत आहे. व्रताची अक्षरं राहिली, आशय गेला, ही टोचणी त्यांनी लपवली नाही. आणि दुधाला पर्याय आपल्याला सापडला नाही हेही लिहून ठेवलं. 'माझा प्रयोग फसला' असं लिहिणारा आहारलेखक आज दाखवा.

मग खोट कुठे आहे?

खोट आहे जिभेबद्दलच्या भाषेत. अन्न औषधासारखं घ्यावं, शरीर टिकवण्यासाठी घ्यावं, चवीसाठी कधीच नाही, हा या पुस्तकाचा सूर आहे. अस्वाद हे आश्रमाच्या अकरा व्रतांपैकी एक. ज्याने ते समजून, स्वतःहून घेतलं, त्याच्यापुरतं ते ठीक असेल. पण चव हा शत्रू ठरला की जेवणारा प्रत्येक जण आपोआप हरलेला ठरतो. मग जो कमी खातो तो जास्त चांगला माणूस, असा हिशेब मनात बसतो. आमच्या बैठकीत नेमकं हेच झालं. आम्ही त्या मुलीच्या न खाण्याला चारित्र्य समजलो.

गंमत अशी की वर्ध्याला हे पूर्ण पटलेलं कधीच नव्हतं. याच गावात गोरस भांडार आहे आणि तिथला गोरसपाक आहे. बाहेरगावी जाताना सेवाग्राम बघून आलेला पाहुणा पिशवीत तोच घेऊन जातो. गाईच्या तुपाचा तो खुसखुशीत गोड तुकडा गोसेवेच्या कामाच्या सावलीतच वाढला. आमच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "व्रत बापूचं, पाक आपला." त्यात थट्टा आहे, पण समीक्षाही आहे.

दुसरी खोट म्हणजे संमती. आत्मकथेत एक प्रसंग आहे, दक्षिण आफ्रिकेतला. बा आजारी. गांधीजी म्हणतात, मीठ आणि डाळ सोड. बा ऐकत नाहीत. शेवटी म्हणतात, तुम्हाला सांगितलं तर तुम्हीसुद्धा सोडणार नाही. ते लगेच म्हणतात, मी वर्षभर सोडलं. बा रडतात, विनवतात, मी सोडते पण तुम्ही घ्या. ते ऐकत नाहीत. गांधीजी याला सत्याग्रह म्हणतात आणि आयुष्यातल्या गोड आठवणींत जमा करतात. आमच्या गटातल्या दोघी गृहिणी हे वाचून गप्प झाल्या. मग एक म्हणाल्या, "हे प्रेम आहे हे मान्य. पण नवऱ्यानं जेवण सोडलं की बाईला दुसरा रस्ता उरतो का?" याचं उत्तर आमच्यापैकी एकाही पुरुषाला देता आलं नाही.

पवनारचा धडा

आता याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट. ती एखाद्या पुस्तकाएवढी मोलाची आहे असं आम्हाला वाटतं.

1935 च्या सुमाराला चरखा संघात चर्चा चालू होती, की कातणाऱ्या बाईला पोट भरेल एवढी मजुरी मिळते का. विनोबा तेव्हा नालवाडीला होते. त्यांनी ठरवलं की आपण दिवसभर कातायचं आणि कातण्याच्या मजुरीत जेवढं बसेल तेवढंच खायचं. म्हणजे हा आहाराचा प्रयोग वजनाचा नव्हता, न्यायाचा होता. मजुरी माणसाला पोसते की नाही, ते स्वतःच्या शरीरावर तपासायचं.

तपासलं. 1938 पर्यंत त्यांचं वजन 88 पौंडांवर आलं, म्हणजे 40 किलो. गांधीजींना कळलं. त्यांनी बोलावून घेतलं, थंड हवेच्या ठिकाणी जा असं सुचवलं. विनोबांनी पवनार निवडलं, धाम नदीच्या काठचा जमनालालजींचा बंगला. अट एकच होती. कामाचा, संस्थांचा, सगळा विचार सोडून द्यायचा. नदी ओलांडताना त्यांनी मनातून ते सगळं खाली ठेवलं. रोज थोडं खणायचं. पहिल्या दिवशी अगदी पाच मिनिटं, मग हळूहळू वाढवत. भूक लागेल तसं नीट खायचं. वर्ष संपायच्या आत वजन 128 पौंडांपर्यंत गेलं. चाळीस पौंडांची वाढ.

आपण वजनाच्या यशोगाथा ऐकतो त्या सगळ्या कमी झाल्याच्या. वर्धा जिल्ह्याकडे वाढीची एक यशोगाथा आहे आणि ती आपण कोणाला सांगत नाही. विनोबांचा संयम कोणापेक्षा कमी होता का? नाही. पण शरीर म्हणालं, पुरे, तेव्हा त्यांनी ते ऐकलं. आणि उपाय म्हणून नवा कडक नियम शोधला नाही. नियमांचं ओझंच उतरवलं. आमच्या त्या मुलीला आम्ही अस्वादाचं प्रकरण वाचून दाखवलं. पवनारची गोष्ट वाचून दाखवायला हवी होती.

आजची पुस्तकं

आता आजकडे येऊ. 2018 च्या आसपास महाराष्ट्रातल्या घराघरांत भांडणं लागली होती, आठवतं? दीक्षित की दिवेकर. लग्नाच्या पंगतीत लोक एकमेकांना विचारायचे, तुम्ही कोणते?

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं 'विनासायास वेटलॉस व मधुमेह प्रतिबंध' आम्ही वाचलं. त्यामागची प्रेरणा आपल्या विदर्भाची आहे, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानाची. दिवसातून दोनदा जेवा, खरी भूक लागेल तेव्हा, 55 मिनिटांच्या आत, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. या मांडणीचे गुण मोठे आहेत. पावडर नाही, डबे नाहीत, महागडा सल्ला नाही. व्याख्यानातून फुकट पोचलेला विचार आहे. दिवसभर तोंड चालू ठेवणाऱ्या, चार वेळा बिस्किटं बुडवून चहा पिणाऱ्या माणसाला थांबवणारा आहे. 'खरी भूक ओळखा' हे वाक्य तर सोन्यासारखं आहे.

रुजुता दिवेकर यांचं पहिलं पुस्तक 2009 चं. करीना कपूरच्या 'साइज झिरो'च्या गाजावाजानंतरचं. त्या म्हणतात, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तुपाला घाबरू नका, आजीच्या स्वयंपाकघराकडे परत जा. भातावर तूप वाढून घेताना मराठी माणसाच्या मनातली अपराधी भावना या बाईंनी काढली, हे लहान काम नाही.

दोघांची मतं उलट आहेत, पण समीक्षक म्हणून वाचलं तर एका बाबतीत दोघे सारखे आहेत. दोघांचा वाचक असा आहे की ज्याच्याजवळ अन्न भरपूर आहे आणि वेळ त्याच्या हातात आहे. हिंगणघाटकडे कापूस वेचायला जाणारी बाई घ्या. पहाटे उठून घरादाराचं करते, शिदोरी बांधते, सूर्य डोक्यावर येईपर्यंत वाकून वेचते. ती दोनदाच जेवते. तिला ते कोणत्या पुस्तकाने सांगितलं नाही. तिच्यासाठी किलो म्हणजे वेचलेल्या कापसाचा किलो, कारण मजुरी त्याच्यावर असते. तिला 'दर दोन तासांनी' सांगायचं की 'विनासायास' सांगायचं?

आणि घरातल्या बाईचं काय? सगळ्यांचं झाल्यावर, उरलेल्या भाजीत, उभ्याउभ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, 2019 ते 21 ची, आमच्यातल्या एका शिक्षकाने काढून आणली. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या दर पाच बायकांमागे साधारण एक गरजेपेक्षा बारीक आहे. आणि जवळपास तेवढ्याच, किंबहुना किंचित जास्त, गरजेपेक्षा जाड आहेत. रक्त कमी असलेल्या निम्म्याहून जास्त. म्हणजे एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, सासू जाड आहे, सून वाळलेली आहे आणि दोघींचं रक्त कमी आहे. एकच डाएट दोघींना लावलं तर एकीचं तरी नुकसान ठरलेलं.

आकड्याची समीक्षा

आता काट्याबद्दल. बीएमआय नावाचा आकडा सगळ्यांना ठाऊक आहे, किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. हे सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या क्वेतले या बेल्जियन गणितज्ञाचं. तो सरासरी माणूस शोधत होता, एकेकट्या माणसाची तब्येत नाही. त्याला बीएमआय हे नाव 1972 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल कीज यांनी दिलं.

या आकड्याची मर्यादा दाखवणारं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपले दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. एकच आकडा, दोन शरीरं. दिसायला सडपातळ असलेल्या आपल्या माणसाला मधुमेह का होतो, याचं कोडं त्यातून उलगडायला लागलं. म्हणूनच आपल्याकडे डॉक्टर 25 ऐवजी 23 पासूनच सावध करतात आणि कंबर मोजतात. पुरुषांची 90 सेंटिमीटर, बायकांची 80, त्यापुढे लक्ष द्या म्हणतात. हे खरं आहे, आणि दुर्लक्ष करण्यासारखं नाही. आम्ही 'वजन कितीही असो, चालतं' असं म्हणत नाही आहोत. मधुमेह आणि रक्तदाब आमच्याही घरात आहेत.

उलट बाजू बघा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2019 मध्ये गांधीजींच्या तब्येतीच्या जुन्या नोंदी प्रसिद्ध केल्या. वजन 46.7 किलो, बीएमआय 17.1. आजच्या मोबाइल ॲपने त्यांना 'कमी वजन' म्हणून लाल खूण केली असती. माणूस रोज मैलोन्‌मैल चालत होता. आणि त्याच माणसाला उच्च रक्तदाबही होता. बारीक म्हणजे निरोगी, हे समीकरण खुद्द सेवाग्रामच्या कुटीतच मोडतं.

ज्या अ‍ॅन्सेल कीज यांनी बीएमआयला नाव दिलं, त्यांचाच आणखी एक प्रयोग आहे. 1944-45, मिनेसोटा. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं ते शोधायला त्यांनी 36 तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हे तरुण कोण? शस्त्र हाती घ्यायला विवेकाने नकार दिलेले. आपल्या भाषेत अहिंसावादी. मन खंबीर असलेली माणसं. त्यांचं काय झालं? दिवसरात्र डोक्यात फक्त अन्न. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. चिडचिड, उदासी, माणसं नकोशी. हे आम्ही वाचलं तेव्हा आमच्यातली एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "ती पण रात्री मोबाइलवर रेसिपीचे व्हिडिओ बघत बसायची. आम्हाला वाटायचं, आवड आहे."

उपाशी मेंदू असा वागतो. तो संयम नसतो. गांधीजींचे उपोषण ज्या कारणासाठी होते ते जगासमोर मांडलेलं असायचं, त्याला आरंभ होता, शेवट होता, शेजारी डॉक्टर होते. आरशासमोर, गुपचूप, शेवट न ठरवता चाललेलं उपाशी राहणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याला उपास म्हणू नका. तो आजार आहे, आणि त्यावर उपचार होतात.

मग आम्ही काय घेतलं, काय सोडलं

गांधीजींकडून घेतलं ते हे, की आपलं काम आणि आपला खिसा बघून ताट ठरवायचं आणि चुकलं तर कबूल करायचं. दीक्षितांकडून खरी भूक आणि चालणं. दिवेकरांकडून आजीचं स्वयंपाकघर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जे ताट दाखवलं, त्यात साधारण निम्मी जागा भाज्या आणि फळांची आहे. आपल्याकडे ते अवघड नाही. आंबाडी आहे, चवळीची भाजी आहे, वांगं आहे, गाजर-मुळा आहे. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, जवसाची चटणी, ताक. नागपूरची पोह्यावरची तर्री आठवड्यातून एकदा खाल्ली तर आभाळ कोसळत नाही. रोज खाल्ली तर कंबर सांगतेच.

सोडलं ते हे. शरीरावर बोलणं सोडलं. "काहून वं पोरी, लयच वाळली" हेही नाही, आणि "बरी भरली" हेही नाही. आमच्या बैठकीत आता आल्यावर तब्येत विचारायची, आकार नाही. हे लिहायला सोपं आहे, पाळायला फार अवघड. आमच्या काकांची जीभ अजून घसरते. मग तेच कान पकडतात. चवीला दोष देणंही सोडलं. आणि घरात एक बदल करून बघितला. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचं, वाढणारीसुद्धा. दोन घरांत जमलं, तीन घरांत नाही. खरं तेच सांगतो.

ती मुलगी उपचार घेते आहे. अजून सगळं ठीक झालेलं नाही. मागच्या महिन्यात ती बैठकीला आली. चहा आला, आलुबोंडे आले. आम्ही कोणी तिच्या बशीकडे बघितलं नाही. न बघणं हेही शिकावं लागतं. तिने अर्धा खाल्ला आणि पुस्तकावर बोलायला लागली.

एक प्रश्न

*श्रोत्यांमधून एक ताई:* माझी मुलगी दहावीत आहे. वजन खरंच जास्त आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्ही म्हणता बोलू नका. मग आईनं काय करायचं, बघत राहायचं?

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. न बोलणं म्हणजे काही न करणं नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर तपासण्या करा, त्यांच्याकडे जात राहा, आणि वाढत्या वयात मनाने जेवण कापू नका. पण घरात बदल करायचा तर सगळ्यांच्या ताटात करा, तिच्या एकटीच्या नाही. थंड पेयाची बाटली आणायची नाही तर भावासाठीही आणायची नाही. संध्याकाळी फिरायला जायचं तर तुम्ही, तिचे बाबा, सगळे. तिला काट्यावर उभं करून पाहुण्यांसमोर आकडा सांगायचा नाही. मावशीच्या मुलीशी तुलना नाही. आणि रात्री ती जेवत असेल तेव्हा तुम्हीही शेजारी ताट घेऊन बसा. तुम्ही शेवटी, उभ्याने जेवत असाल तर ती तुमच्याकडून तेच शिकते आहे, की बाईच्या भुकेला किंमत नसते.

एवढं बोलून थांबतो. वेळेपेक्षा दहा मिनिटं जास्त घेतली, त्याबद्दल माफी. बाहेर चहा ठेवला आहे. सोबत गोरसपाकही आहे. ज्याला हवा त्याने घ्यावा, ज्याला नको त्याला कोणी आग्रह करू नये.